नवशिक्यांसाठी योगासनं: श्वास सांगेल तिथे थांबा

योगासनं शिकायची असं ठरवलं की आधी डोळ्यांसमोर येतात ते फोटो. कपाळ गुडघ्यांना टेकलेलं, पाठीची कमान झालेली, एका पायावर तोल सांभाळत हसणारा चेहरा. ते पाहून काहीजण ‘हे काही आपल्याला जमायचं नाही’ म्हणून सुरुवातच करत नाहीत. काहीजण पहिल्याच आठवड्यात तो आकार गाठायला जातात आणि कंबर धरून बसतात. दोघांची समजूत एकच असते: फोटोत दिसतो तो शेवटचा आकार म्हणजे आसन.

पतंजलींच्या योगसूत्रांत आसनाची व्याख्या ‘स्थिरसुखमासनम्’ एवढीच आहे. शरीर स्थिर हवं आणि ते सुखात हवं. हे सूत्र मुळात ध्यानाच्या बैठकीबद्दल आहे, तरी नवशिक्याने प्रत्येक आसनात याच दोन गोष्टी तपासाव्यात. तपासायचं साधन तुमच्याजवळ कायम असतं, ते म्हणजे श्वास. श्वास नाकाने, संथ, आवाज न करता चालू आहे तोवर तुम्ही योग्य जागी आहात. तो अडला, तोकडा झाला, तोंड उघडलं किंवा दात आवळले गेले, तर शरीर जितकं तयार आहे त्याच्या पलीकडे तुम्ही गेलात. थोडं मागे या. या लेखातली बाकी सगळी माहिती विसरलात तरी चालेल, पण एवढं लक्षात ठेवा.

सुरू करण्याआधी

पोट रिकामं हवं. भरपेट जेवणानंतर तीन ते चार तास, हलकं काही खाल्लं असेल तर दीड-दोन तास जाऊ द्या. सकाळी पोट आपोआप रिकामं असतं म्हणून सकाळ सोयीची. पण रात्रभर झोपून उठल्यावर अंग आखडलेलं असतं, त्यामुळे सकाळी शरीर कमी वाकतं आणि संध्याकाळी जास्त. यात काळजीचं काही नाही. ज्या वेळी रोज जमेल ती वेळ धरा.

गुळगुळीत फरशीवर सतरंजी सरकते. उभ्याने करायच्या आसनांसाठी न घसरणारी योगा मॅट घ्या, नाहीतर सरळ फरशीवर अनवाणी उभे राहा. मोजे नकोतच. झोपून करायच्या आसनांना जाड सतरंजी किंवा चादरीची घडी लागते, नाहीतर मणके फरशीला टोचतात.

शिवाय एक-दोन ब्लँकेट, उशी, लांब टॉवेल किंवा पट्टा, एक न हलणारी खुर्ची आणि मोकळी भिंत एवढं हाताशी ठेवा. आधार घेऊन केलेलं आसन कमी दर्जाचं, असं बऱ्याच जणांना वाटतं आणि ते टॉवेल हातात घ्यायलाच लाजतात. लाकडी ठोकळे, पट्टे, दोर, खुर्च्या यांचा पद्धतशीर वापर योगगुरू बी. के. एस. अय्यंगार यांनी रूढ केला, आणि स्वतः अवघड आसनांत निष्णात असलेल्या माणसाने तो केला. आधारामुळे शरीर सुखात राहतं आणि मग स्थिरही राहतं.

काहींनी मात्र आधी डॉक्टरांशी बोलावं. रक्तदाब आटोक्यात नसेल, हृदयविकार असेल, काचबिंदू असेल, हाडं ठिसूळ झाली असतील, स्लिप डिस्क किंवा सायटिकाचा त्रास असेल, हर्निया असेल, नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल किंवा दिवस गेले असतील, तर ‘साधी आसनं तर आहेत’ म्हणून सुरू करू नका. डोकं हृदयाच्या खाली गेलं की डोळ्यांतला दाब वाढतो, म्हणून काचबिंदू असणाऱ्यांना तशी आसनं वर्ज्य. ठिसूळ हाडांत पाठ गोल करून पुढे वाकलं तर मणक्यांच्या पुढच्या भागावर भार येतो आणि ते दबू शकतात. गर्भारपणात पोटावर झोपून करायची आसनं आणि पोट पिळलं जाईल अशी आसनं बंद. चालू असलेली औषधं स्वतःच्या मनाने कमी करायची नाहीत, हे वेगळं सांगायला नको.

प्रत्येक आसनाचे चार टप्पे

कोणतंही आसन घ्या, ते चार टप्प्यांत होतं: पूर्वस्थिती, आसनात जाणं, आसनस्थितीत थांबणं आणि आसन सोडणं. घाई होते ती बहुधा शेवटच्या टप्प्यात. ‘झालं एकदाचं’ म्हणून अंग सोडून दिलं जातं, आणि ताणलेल्या स्नायूंना झटका बसतो. ज्या वाटेने आणि ज्या वेगाने आत गेलात, त्याच वाटेने आणि त्याच वेगाने बाहेर या.

श्वासाचा नियम सोपा आहे. अंग उघडतं, उंचावतं किंवा मागे जातं तेव्हा श्वास घ्यायचा. अंग मिटतं, पुढे वाकतं किंवा वळतं तेव्हा सोडायचा. श्वास घेताना बरगड्या फाकतात आणि पाठ आपोआप लांब होते, सोडताना पोट आत जातं आणि वाकायला जागा होते. सुरुवातीला काय घ्यायचं नि काय सोडायचं यात गोंधळ उडतो. तसं झालं तर नियम बाजूला ठेवा आणि श्वास फक्त चालू राहू द्या. उलटा श्वास चालेल, पण रोखलेला चालणार नाही.

आसनस्थितीत किती थांबायचं ते घड्याळाकडे बघून ठरवू नका, श्वास मोजा. पहिले काही दिवस तीन संथ श्वास, मग पाच, मग सवडीने आठ-दहा. पाच संथ श्वासांना साधारण अर्धा मिनिट लागतो. नवशिक्याला तेवढा ताण पुरतो.

अंग मोकळं करायला मार्जारासन

थेट अवघड आसनांना हात घालण्याआधी हे करा. दोन्ही तळहात आणि गुडघे जमिनीवर टेकवून मांजरासारखे उभे राहा. मनगटं खांद्यांच्या बरोबर खाली, गुडघे कमरेच्या खाली. श्वास घेत पोट जमिनीकडे सोडा, छाती पुढे, नजर समोर. श्वास सोडत पाठ छताकडे गोल करा, हनुवटी छातीकडे आणा. श्वासाच्या गतीने हे आठ-दहा वेळा करा. हालचालीची सुरुवात माकडहाडापासून करा, मान सगळ्यात शेवटी हलू द्या. बहुतेकजण मानच हलवत राहतात आणि पाठ तशीच ताठ राहते. मनगटं दुखत असतील तर मुठी टेका किंवा कोपरांवर या. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्याने बाकी काही केलं नाही तरी हे एवढं रोज करावं, असं माझं मत आहे.

ताडासन

काही पद्धतींत ताडासन म्हणजे नुसतं सरळ उभं राहणं, काहींत हात वर करून टाचा उचलणं. आधी पहिलं शिका. पावलांत चार बोटांचं अंतर ठेवा किंवा ती जुळवा. वजन पायावर नेमकं कुठे पडतंय ते पाहा: टाचेवर, चवड्यावर, आतल्या कडेवर की बाहेरच्या? अंगठ्याचं मूळ, करंगळीचं मूळ आणि टाच या तिन्हींवर ते सारखं पसरू द्या. मांड्यांचे स्नायू किंचित वर ओढा, पण गुडघे मागे ढकलून अडकवू नका. ओटीपोट हलकेच आत, खांदे कानांपासून दूर, हनुवटी जमिनीला समांतर.

आता दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंफा, तळवे बाहेर वळवा आणि श्वास घेत हात डोक्यावर न्या. तोल सांभाळला जात असेल तरच टाचा उचला. तीन ते पाच श्वास थांबा. श्वास सोडत आधी टाचा, मग हात खाली आणा. पोटऱ्या आणि घोटे बळकट होतात, पाठ लांब होते. पण याचा खरा लाभ म्हणजे आपण उभे कसे राहतो हे कळतं, आणि ते एकदा कळलं की रांगेत उभं असतानाही स्वतःला सावरता येतं.

वृक्षासन

भिंतीजवळ किंवा खुर्चीच्या पाठीजवळ उभे राहा. वजन हळूहळू डाव्या पायावर घ्या. उजवी टाच डाव्या घोट्याला टेकवा, चवडा जमिनीवरच राहू द्या. पहिले काही दिवस इतकंच करा. ते स्थिर झालं की उजवा तळवा डाव्या पोटरीच्या आतल्या बाजूला लावा, आणि कालांतराने मांडीच्या आतल्या बाजूला. गुडघ्यावर मात्र तळवा कधीच टेकू नका. गुडघा बिजागरीसारखा पुढेमागे वाकतो, बाजूने दिलेला दाब त्याला सोसत नाही. हात छातीशी जोडा. पाच श्वास झाले की पाय हळू खाली आणा आणि दुसऱ्या बाजूने करा.

नजर डोळ्यांच्या उंचीवर एका न हलणाऱ्या ठिपक्यावर ठेवा. तोल सांभाळायला मेंदू तीन ठिकाणांहून माहिती घेतो: डोळे, कानाच्या आतला तोलाचा अवयव, आणि स्नायू-सांध्यांतून येणारे संदेश. नजर भिरभिरली की यातली एक बाजू लंगडी पडते. क्षणभर डोळे मिटून पाहा, लगेच डगमगायला होतं. (हे भिंतीला हात लावून करा.)

एकदा टेकलेल्या पायाकडे लक्ष द्या. घोट्याजवळच्या शिरा सतत ताणताना-ढिल्या पडताना जाणवतील, अंगठा जमीन दाबेल, क्षणात करंगळीची कड दाबेल. या डळमळण्याला नवशिके अपयश समजतात. पण घोट्याचे स्नायू आणि मेंदू यांचा मेळ बसतोय तो याच बारीक सावरासावरीतून. वय वाढेल तसं पडण्याची भीती वाढते, त्यामुळे वडीलधाऱ्यांनी खुर्चीला दोन बोटं टेकवून का होईना, हे आसन करावं.

वज्रासन

दोन्ही पाय गुडघ्यांत दुमडून टाचांवर बसा, पाठ सरळ, हात मांड्यांवर. जेवणानंतर करता येणारं हे आसन. गुडघ्यांवर ताण येत असेल तर पोटऱ्या आणि मांड्या यांच्यामध्ये ब्लँकेटची घडी घ्या, घोटे दुखत असतील तर त्यांच्याखाली टॉवेलची गुंडाळी. पावलांना मुंग्या आल्या की उठा, सहन करत बसू नका. गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्यांनी हे टाळावं.

पश्चिमोत्तानासन

सगळ्यात जास्त जबरदस्ती होते ती या आसनात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मांडीच्या मागचे स्नायू बैठकीच्या हाडांपासून निघतात आणि गुडघ्याच्या मागून खाली जातात. खुर्चीत तासन्‌तास बसून ते आखडतात. मग पाय पसरून बसलं की हे स्नायू बैठकीची हाडं पुढे ओढतात, ओटीची हाडं मागे कलंडतात आणि पाठ गोल होते. अशा स्थितीत हात लांब करून पायाचे अंगठे पकडायला गेलात की मांड्या ताणल्याच जात नाहीत, सगळा वाक कमरेतल्या मणक्यांवर येतो. अंगठे हाती लागतात, म्हणून आसन जमलं असं वाटतं, आणि कमरेचं दुखणं मात्र नवीन सुरू होतं.

आधी दंडासनात बसा, म्हणजे पाय समोर लांब, चवडे स्वतःकडे. आता एक हात मागे नेऊन कमरेवर फिरवा. मणक्यांची टोकं बाहेर आलेली हाताला लागली तर पाठ गोल आहे. मग ब्लँकेटची जाड घडी घ्या आणि तिच्या पुढच्या कडेवर बसा. तरीही टोकं लागतातच? गुडघे थोडे वाकवा आणि त्यांच्याखाली उशी सारा. कमरेची पन्हळ हाताला जाणवली की बैठक बसली.

टॉवेल दोन्ही तळपायांभोवती टाकून त्याची टोकं हातात धरा. श्वास घेत छाती वर उचला. श्वास सोडत कमरेऐवजी खुब्यांतून पुढे झुका. डोकं गुडघ्यांकडे न्यायचं नाही, बेंबी मांड्यांकडे न्यायची. चार बोटं पुढे गेलात तरी पुष्कळ. तिथे पाच श्वास थांबा. दर वेळी श्वास घेताना पाठ थोडी लांब करा, सोडताना काहीही न ओढता शरीर जाईल तेवढं जाऊ द्या. श्वास घेत वर या.

ताण कुठे जाणवतोय ते महत्त्वाचं. मांडीच्या मागे मधोमध जाणवला तर ठीक. गुडघ्याच्या मागच्या खळग्यात किंवा बसायच्या हाडापाशी टोचल्यासारखं झालं तर गुडघे आणखी वाकवा, कारण तिथे स्नायूची हाडाशी असलेली जोड ताणली जातेय आणि ती दुखावली की बरी व्हायला फार वेळ घेते. पायातून करंट गेल्यासारखं किंवा बधिर झालं तर आसन तिथेच सोडा. स्लिप डिस्क असलेल्यांनी हे आसन शिक्षकाशिवाय करू नये.

वक्रासन

दंडासनातून उजवा गुडघा वाकवून पाऊल डाव्या गुडघ्याशेजारी ठेवा. डाव्या हाताने उजवा गुडघा छातीकडे कवटाळा, उजवा तळहात पाठीमागे जमिनीवर टेका. श्वास घेत उंच व्हा, श्वास सोडत आधी पोट, मग छाती आणि शेवटी मान उजवीकडे वळवा. मागच्या हाताने जोर लावून स्वतःला पिळू नका. कमरेचे मणके गोल फिरायला बनलेलेच नाहीत, वळण मुख्यतः छातीच्या मागच्या मणक्यांत मिळतं. दुसऱ्या बाजूने करा.

पिळाच्या आसनांनी शरीरातली विषारी द्रव्यं बाहेर पडतात, असं सर्रास सांगितलं जातं. ते काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात, वळल्यामुळे त्यांना गती येत नाही. या आसनाने पाठ मोकळी होते आणि मागे वळून बघणं सोपं होतं, हा फायदा काही लहान नाही.

मकरासन आणि भुजंगासन

मकरासन आधी. पोटावर झोपा, पायांत भरपूर अंतर, हातांची उशी करून त्यावर कपाळ किंवा गाल टेका. श्वासाबरोबर पोट जमिनीला टेकतं आणि सुटतं ते अनुभवा. पोटावरच्या प्रत्येक आसनानंतर इथे परत यायचं आहे.

आता भुजंगासन. पाय जुळवा किंवा त्यांत थोडं अंतर ठेवा, पावलांची वरची बाजू जमिनीला टेकलेली. कपाळ जमिनीवर. तळहात छातीच्या दोन्ही बाजूंना, कोपरं बरगड्यांना चिकटलेली. खांदे मागे वळवून कानांपासून खाली न्या. श्वास घेत आधी कपाळ, मग हनुवटी, मग छाती उचला. बेंबी जमिनीवरच राहू द्या. नजर समोर, छताकडे नको. तीन ते पाच श्वासांनंतर श्वास सोडत छाती, हनुवटी, कपाळ या क्रमाने खाली या.

वर आल्यावर एक गोष्ट करून पाहा: दोन्ही तळहात जमिनीपासून किंचित उचला. छाती जितकी खाली येईल आणि जिथे थांबेल, ती तुमची आजची खरी उंची. त्यापेक्षा वर तुम्ही होतात ते पाठीच्या बळावर नाही, हातांनी ढकलून. छातीच्या मागचे मणके बरगड्यांना जोडलेले असल्यामुळे कमी वाकतात, कमरेचे सहज वाकतात. म्हणून हातांनी ढकललं की सगळी कमान कमरेत एका जागी मोडते. ‘भुजंगासनाने कंबर जास्तच दुखते’ अशी तक्रार करणाऱ्यांत हेच कारण मला वारंवार दिसतं. सुरुवातीला छाती जमिनीपासून वीतभरही उठत नाही, आणि तेवढंच बरोबर असतं. पाठीचे स्नायू काही आठवड्यांत जागे होतात, मग उंची आपोआप वाढते.

याला जोड म्हणून अर्धशलभासन घ्या: पोटावर झोपून एक पाय गुडघ्यात न वाकवता वीतभर उचलायचा, तीन श्वास, मग दुसरा. कमरेच्या आणि नितंबांच्या स्नायूंना बळ येतं. हर्निया किंवा पोटाची शस्त्रक्रिया झालेल्यांनी दोन्ही वगळावीत.

सेतुबंधासन आणि पवनमुक्तासन

पाठीवर झोपून गुडघे वाकवा. पावलं कमरेइतक्या अंतरावर आणि नितंबांच्या जवळ, हात बाजूला. श्वास घेत पावलांनी जमीन दाबा आणि कंबर उचला. गुडघे बाहेर फाकू देऊ नका. पाच श्वास. या स्थितीत मान डावी-उजवीकडे वळवायची नाही. श्वास सोडत एकेक मणका जमिनीवर ठेवत खाली या. बसून बसून सैल पडलेले नितंबांचे स्नायू यात कामाला लागतात.

लगेच पवनमुक्तासन: एक गुडघा छातीशी कवटाळायचा, तीन-चार श्वास, मग दुसरा, मग दोन्ही. मान जमिनीवरच. पोटात वायू धरला असेल तर आराम पडतो, आणि कमानीनंतर कंबर सैल होते.

शवासन टाळू नका

वेळ कमी पडला की पहिल्यांदा याचाच बळी जातो. तसं करण्यापेक्षा आधीची दोन आसनं वगळा. हठप्रदीपिका या जुन्या योगग्रंथात शवासनाचे मोजके फायदे दिलेत, थकवा जातो आणि चित्ताला विश्रांती मिळते. त्यात अजूनही भर घालायची गरज पडलेली नाही.

पाठीवर झोपा, पायांत हातभर अंतर, पावलं बाहेर कललेली. हात शरीरापासून थोडे दूर, तळवे वर. कमरेला रग लागत असेल तर गुडघ्यांखाली उशी किंवा पोटऱ्या खुर्चीवर. हनुवटी वर उचलली जात असेल तर डोक्याखाली पातळ घडी. आता पावलांपासून डोक्यापर्यंत एकेका भागाकडे लक्ष न्या आणि तो सैल सोडा. जबडा, जीभ आणि कपाळ हे तीन भाग सैल पडायला सगळ्यात जास्त वेळ लागतो. श्वास बाहेर जाताना हृदयाची गती किंचित मंदावते, म्हणून उच्छ्वास लांब होऊ द्या, ओढूनताणून मात्र नको. विचार येतील, येऊ द्यात. झोप लागली तरी रागावू नका, झोप अपुरी आहे एवढाच त्याचा अर्थ. पाच ते आठ मिनिटं पुरतात.

उठताना आधी बोटं हलवा, गुडघे वाकवा, एका कुशीवर वळा, हाताचा आधार घेऊन बसा. एकदम उठलं की रक्तदाब क्षणभर घसरतो आणि गरगरतं. गर्भारपणाच्या पुढच्या महिन्यांत पाठीवर न झोपता डाव्या कुशीवर झोपावं.

फायदे किती आणि कशाचे

आसनांचे परिणाम उपकरणांनी मोजून पाहण्याचा पाया घालणाऱ्यांत स्वामी कुवलयानंद अग्रणी होते. १९२४ साली त्यांनी लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन केलं. तेव्हापासून बरंच तपासलं गेलंय. जुनाट कंबरदुखीत नियमित योगाभ्यासाने हालचाल सुधारते, याला चांगला आधार आहे. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संघटनेने २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत औषधांच्या आधी करून पाहायच्या उपायांत योगाचं नाव घेतलंय. लवचीकपणा आणि तोल सुधारतो. संथ श्वास आणि शवासनाने ताण हलका होतो, झोपेला मदत होते. रक्तदाबावर होणारा परिणाम सौम्य असतो, तो गोळीला पर्याय नाही.

अमुक आसनाने थायरॉइड बरा होतो, तमुक आसनाने मधुमेह जातो, अशा याद्या फिरतात. त्यांवर विसंबून उपचार थांबवणाऱ्यांचं फार नुकसान होतं, आणि योगाचं नाव त्यात उगाच खराब होतं. वजन कमी करण्यासाठीही नुसती ही सौम्य आसनं पुरत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम करावा. ही आसनं करा आणि भरभर चालायलाही जा.

रोजचा क्रम

मार्जारासन, ताडासन, वृक्षासन, वज्रासनात अर्धा-एक मिनिट, पश्चिमोत्तानासन, वक्रासन, मकरासन, भुजंगासन, पुन्हा मकरासन, अर्धशलभासन, पुन्हा मकरासन, सेतुबंधासन, पवनमुक्तासन, शवासन. संथपणे केलं तर पंचवीस मिनिटं. बसून पुढे वाकणं आणि पोटावर झोपून मागे वाकणं यांच्यामध्ये विसाव्याचं आसन येईल, असाच हा क्रम लावलाय. ज्या दिवशी दहाच मिनिटं असतील त्या दिवशी मार्जारासन, वृक्षासन, भुजंगासन आणि शवासन करा. आठवड्यातून एकदा दीड तास करण्यापेक्षा रोजची दहा मिनिटं अंगाला जास्त लागतात.

पहिल्या आठवड्यात स्नायू ठणकतील, ते एक-दोन दिवसांत उतरतं. सांध्यात दुखणं, चमक, मुंग्या किंवा दुखणं दुसऱ्या दिवशी वाढणं हे वेगळं. तसं झालं तर ते आसन बंद करून डॉक्टरांना दाखवा. ताप असेल तर सुट्टी. पाळीत दमल्यासारखं वाटत असेल तर फक्त शवासन किंवा मार्जारासन पुरे.

शीर्षासन, सर्वांगासन आणि हलासन व्हिडिओ बघून शिकू नका. मानेचे मणके डोकं पेलायला बनलेत, पूर्ण शरीराचं वजन पेलायला नाही. पद्मासनाचीही घाई नको. त्यातलं वळण खुब्यात मिळायला हवं. खुबा तयार नसताना पाय ओढून वर ठेवला की ते वळण गुडघा घेतो, आणि तिथली कूर्चा दुखावते.

शिक्षक निवडताना पहिल्या दिवशी ते तुमचे आजार विचारतात का ते पाहा. ‘जमत नाही’ म्हटल्यावर सोपा पर्याय देतात की पाठीवर दाब देऊन वाकवतात, तेही पाहा. दाब देणाऱ्या वर्गाला दुसऱ्या दिवशी जाऊ नका.

सूर्यनमस्कार कधी सुरू करायचे, असं नवीन शिकणारे हमखास विचारतात. वरचा क्रम दोन-तीन महिने केल्यावर, भुजंगासन हातांच्या जोराशिवाय आणि पुढे वाकणं गोल पाठीशिवाय जमू लागलं की करा. त्यातल्या बारा स्थितींत ही दोन्ही वळणं पुन्हापुन्हा येतात. सुरुवात दोनपासून, प्रत्येक स्थितीत एक पूर्ण श्वास घेऊन.